भोसरीच्या टूलरूममधला एक्स्पी: काढायचा की सांभाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. दोन महिन्यांपूर्वी भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये (साचे बनवणाऱ्या शॉपमध्ये) लागलो. इथे वायरकट मशीनला (तारेनं धातू कापणाऱ्या) अजून फ्लॉपी लागते, सीएमएमच्या (जॉबची मापं घेणाऱ्या यंत्राच्या) पीसीवर विंडोज एक्स्पी आहे, एका व्हीएमसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) प्रोग्रॅम सिरियल केबलनं जातो, हिशेबाचं पॅकेज फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधलं आहे आणि चलनं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात. मालकांना म्हटलं, हे सगळं बदलायला हवं. ते म्हणाले, 'चालतंय ना?' हा अडाणीपणा आहे की यात काही अर्थ आहे? मी नेमकं काय करू?"

मी १९९६ पासून चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात मशीनचे कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारे कॉम्प्युटर, आणि त्यांना जोडलेले पीसी दुरुस्त करतोय. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन मला वर्षाला पाच-सहा तरुण इंजिनिअर तरी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मालकांचं उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं त्यांना कुणी विचारलेलं नाही. कुठल्याही शॉपमध्ये गेलो की मशीन किती सालचं आहे हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, याची दुसरी प्रत कुठं आहे? प्रोग्रॅमची, पॅरामीटरची (मशीनच्या सेटिंगच्या आकड्यांची), हार्ड डिस्कची, फ्लॉपीची, आणि हे मशीन ज्याला कळतं त्या माणसाच्या डोक्यातल्या माहितीची. जिथं उत्तर मिळतं तिथं तीस वर्षांचं मशीनसुद्धा निर्धास्त चालतं. जिथं मिळत नाही तिथं तीन वर्षांचं मशीनही मला धोक्याचं वाटतं.

आधी अडाणीपणाचा मुद्दा. बोइंग ७४७-४०० विमानांचा नेव्हिगेशन डेटाबेस दर २८ दिवसांनी फ्लॉपीवरून भरला जायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रो ट्रेनची कंट्रोल सिस्टीम १९९८ साली बसवली ती सव्वापाच इंची फ्लॉपीवर, आणि ती बदलायचं कंत्राट दिलं गेलं २०२४ मध्ये. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलात २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी होती. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींमध्ये आजही मुलं कोबोल लिहितात, आणि कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे १९५९ सालची. आयबीएमनं १९६४ मध्ये सिस्टीम/३६० आणली तेव्हापासून जुना प्रोग्रॅम नव्या मेनफ्रेमवर (बँकांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर) चालला पाहिजे हा शब्द पाळलाय, म्हणून बँका त्यावर विसंबून आहेत. ही माणसं अडाणी नाहीत. पण तुमच्या टूलरूममध्ये आणि त्यांच्यात फरक आहे. त्यांच्याकडे दुसरा सेट असतो, चाचणीचं वेगळं यंत्र असतं, हे सांभाळायला नेमलेली माणसं असतात.

आता तुमचा सीएमएम बघा. त्याचं ग्रॅनाइटचं टेबल आणि एअर बेअरिंग नीट राखलं तर चाळीस वर्षं जातं. पीसीचं आयुष्य सात-आठ वर्षं. पंचाईत अशी की हे दोघं एका कार्डानं बांधलेले असतात. स्केलचे, म्हणजे मशीनच्या मोजपट्ट्यांचे, सिग्नल वाचणारं कार्ड त्या काळी पीसीतल्या आयएसए नावाच्या स्लॉटमध्ये बसायचं. २००० नंतर दोन-चार वर्षांत साध्या मदरबोर्डवरून तो स्लॉटच गेला. तुमच्याकडे एक्स्पी आहे म्हणजे कार्ड आयएसए असेल किंवा त्यानंतरच्या पीसीआय स्लॉटचं, ते उघडून बघा. त्याचा ड्रायव्हर ३२ बिट एक्स्पीसाठी लिहिलेला, आणि बहुतेकदा लिहिणारी कंपनी आज दुसऱ्याच नावानं चालते. त्यामुळे "पीसी बदला" म्हणजे प्रत्यक्षात कंट्रोलर बदला, सॉफ्टवेअर नव्यानं घ्या, कॅलिब्रेशन करा आणि सगळे मेजरमेंट प्रोग्रॅम पुन्हा लिहा. हे कोटेशन हातात आलं की कुठलाही मालक "चालतंय ना" असंच म्हणेल. मीही म्हणेन.

बॅटरीबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या अनुभवात फ्लॉपी आणि एक्स्पी मिळून जेवढं नुकसान झालं नसेल तेवढं एका छोट्या बॅटरीनं केलंय.

फानुक या जपानी कंपनीच्या जुन्या कंट्रोलरमध्ये आणि तशा इतरांत प्रोग्रॅम, पॅरामीटर आणि टूल ऑफसेट (कापणाऱ्या टूलची मापं) ज्या मेमरीत असतात ती वीज गेली की पुसली जाते. तसं होऊ नये म्हणून आत तीन व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ती उतरायला लागली की स्क्रीनवर बीएटी ही तीन अक्षरं लुकलुकायला लागतात. मशीन मात्र नेहमीसारखं चालत राहतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही.

एका शॉपमध्ये दिवाळीला लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत मेन स्विच बंद होता. सुट्टी संपल्यावर व्हीएमसी चालू केला तर स्क्रीनभर अलार्म, पॅरामीटर सगळे शून्य. मला फोन आला. तिथं पोचल्यावर ऑपरेटर मामांनी खंडेनवमीच्या पूजेचा फोटो दाखवला. मशीनला झेंडूची माळ, पॅनेलवर हळदीकुंकू, पुढं नारळ. तो फोटो मोठा करून पाहिला तर माळेच्या मागे, स्क्रीनच्या खालच्या ओळीत ती तीन अक्षरं स्पष्ट दिसत होती. म्हणजे निदान तीन आठवडे ते मशीन सांगत होतं.

पॅनेलच्या दाराला आतून एक पत्र्याचा खिसा असतो. त्यात मशीन बनवणाऱ्यानं दिलेली पॅरामीटरची छापील यादी ठेवलेली असते. तिथंही होती. पण कूलंटचं तेल झिरपून दोन पानं एकमेकांना चिकटली होती, आणि सोडवल्यावर तीनचा आकडा कुठला आणि आठचा कुठला हे ओळखता येईना. दोन दिवस मी आणि मामा आकडे टाकत बसलो. ते वाचायचे, मी टाकायचो, मग मी वाचायचो आणि ते ताडून बघायचे. या कंट्रोलरमध्ये ९०० च्या घरातले पॅरामीटर ऑप्शनचे असतात. ते चुकले तर पैसे मोजून घेतलेली सोयच मशीनमधून नाहीशी होते, म्हणून ते तीनदा तपासले. बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) डायल लावून नव्यानं काढला. पिच एररची, म्हणजे स्क्रूच्या आट्यांतल्या बारीक फरकाची, भरपाई मात्र कागदावर नव्हतीच. तिसऱ्या दिवशी मशीन हललं, पण पहिल्यासारखी अचूकता यायला लेझर लावून माप घेणाऱ्यांना बोलवावं लागलं. तोवर दोन साच्यांचं डिस्पॅच हुकलं होतं.

हे सगळं एका छोट्या बॅटरीवरून. तुमच्या शॉपमध्ये प्रत्येक कंट्रोलरच्या बॅटरीवर मार्करनं तारीख लिहा आणि दर वर्षी बदला. आणि हे नीट लक्षात घ्या: ती बदलायची कंट्रोल चालू असताना. मशीन बंद करून बॅटरी काढली की तुम्ही स्वतःच्या हातानं मेमरी पुसली. हात आत घालताना वीज चालू असते, म्हणून ज्यानं आधी केलंय त्याला शेजारी उभं करा.

बॅटरीच्या आधी बॅकअप. तुमच्याकडे सिरियल केबल आहे, म्हणजे अर्धं काम झालंय. त्याच केबलनं पॅरामीटर आणि सगळे प्रोग्रॅम बाहेर काढता येतात, एका मशीनला अर्धा तास लागतो. मशीन आणि लॅपटॉप दोन्हीकडे बॉड रेट (डेटा जायचा वेग), पॅरिटी, स्टॉप बिट ही सेटिंग सारखी हवीत. अनेक फानुकवर ४८०० किंवा ९६००, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट असं असतं. फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह आलंय का बघा. शेवटचं नसेल तर फाइल अर्धवट आहे. अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. केबल लावताना लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढून ठेवा. मशीनचं अर्थिंग आणि ऑफिसच्या प्लगचं अर्थिंग यात फरक असला तर तो करंट केबलमधून जातो आणि कंट्रोलरचा पोर्ट जळतो. आपल्याकडच्या जुन्या शेडमध्ये हा फरक असतोच. मी असे चार पोर्ट दुरुस्त केलेत, आणि चारही वेळा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता.

आता फ्लॉपी. वायरकटला बहुतेक साडेतीन इंची, १.४४ एमबीची लागत असेल. काही जुन्या मशीनना ७२० केबीचीच चालते, ते आधी बघा. सोनीनं २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. त्यामुळे आज जी मिळते ती कुणाच्या तरी कपाटात पडून राहिलेली. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. फ्लॉपीची पत्र्याची झडप बोटानं सरकवा, मागची चकती हळू फिरवा आणि तपकिरी पृष्ठभाग उजेडाकडे तिरका धरून बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. हेडला बुरशी लागते, आणि त्यानंतर घातलेली चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. एका शॉपमध्ये याच पद्धतीनं एका सकाळी सहा फ्लॉप्या गेल्या. ऑपरेटर बिचारा एक वाचत नाही म्हणून दुसरी घालत होता.

यावर चांगला उपाय निघालाय आणि तो स्वस्त आहे. गोटेक नावाचं एक यंत्र मिळतं. आकारानं फ्लॉपी ड्राइव्हएवढंच, मागे तीच ३४ पिनची पट्टी केबल आणि छोटा पॉवर कनेक्टर, पुढे पेनड्राइव्हची खाच आणि दोन बटणं. मशीनला वाटतं फ्लॉपी ड्राइव्हच आहे. पेनड्राइव्हवर शंभर फ्लॉप्यांच्या इमेज, म्हणजे हुबेहूब प्रती, राहतात, बटणानं आकडा बदलायचा. फ्लॅशफ्लॉपी नावाचं मोफत फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) त्यात टाकलं तर जास्त प्रकारची मशीन चालतात. बसवताना दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे ड्राइव्हचा नंबर ठरवणारा जंपर, जुन्या ड्राइव्हवर जसा होता तसा लावायचा. दुसरं म्हणजे ३४ नंबरची पिन. पीसीला तिथं फ्लॉपी बदलल्याचा सिग्नल हवा असतो, काही कंट्रोलरना तिथं 'तयार आहे' हा सिग्नल हवा असतो. मशीन "ड्राइव्ह नॉट रेडी" म्हणत बसलं तर बहुधा तेच कारण. जुना ड्राइव्ह फेकू नका, कागदात गुंडाळून तारीख लिहून ठेवा. आणि सगळ्यात आधी, हातात असलेल्या चांगल्या फ्लॉप्यांच्या इमेज काढून घ्या. पहिली प्रत मशीन बनवणाऱ्यानं दिलेल्या सिस्टीम फ्लॉपीची.

सीएमएमच्या हार्ड डिस्कचंही तसंच. एक्स्पीच्या काळातली ४० पिनची आयडीई डिस्क असेल. ती अजून फिरतेय हेच पुष्कळ. मशीन बंद करून डिस्क काढा, आयडीई ते यूएसबी अ‍ॅडॉप्टरनं लिनक्सच्या लॅपटॉपला लावा आणि डीडीरेस्क्यूनं तिची पूर्ण इमेज काढा. हा प्रोग्रॅम खराब जागा मागे ठेवून आधी चांगला भाग वाचून घेतो, मग खराब जागी पुन्हा पुन्हा जातो. म्हातारी डिस्क वाचायची ती अशीच. विंडोजच्या लॅपटॉपला जोडू नका. ते "डिस्क तपासू का?" विचारतं, कुणीतरी हो म्हणतं, आणि तपासण्याच्या नादात मूळ डिस्कवर लिहिलं जातं. तपासायचं ते प्रतीवर.

इमेज निघाली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. ती दुसऱ्या डिस्कवर उतरवा, ती डिस्क सीएमएमला लावा, मशीन चालू करून एक मास्टर पीस (ज्याचं माप आधीच ठाऊक आहे असा तुकडा) मोजा. आकडे जुळले की ती डिस्क मशीनमध्येच राहू द्या आणि मूळची खणात ठेवा. मी कितीतरी ठिकाणी कपाटात "बॅकअप" लिहिलेल्या सीडी बघितल्यात, ज्या लिहिल्यापासून कुणी उघडूनही पाहिलेल्या नाहीत. डॉसवर चालणाऱ्या मशीनमध्ये डिस्कऐवजी काँपॅक्टफ्लॅश कार्ड अ‍ॅडॉप्टर लावून छान चालतं, पण कार्ड लहान घ्या. १९९४ च्या आसपासच्या कित्येक बायोसना (पीसी सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमना) ५०४ एमबीच्या पुढचं दिसतच नाही.

सीएमएमच्या मागे पॅरलल पोर्टला आगपेटीएवढी एखादी डबी लावलेली आहे का तेही बघा. तो डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली. तो हरवला तर सॉफ्टवेअर उघडणार नाही, आणि त्याची प्रत निघत नाही. एका ठिकाणी झाडताना तो जुना अ‍ॅडॉप्टर समजून भंगारात गेला होता. त्यावर नाव लिहा आणि बारीक तारेनं पीसीला बांधून टाका.

सुट्या भागांसाठी बुधवार पेठेत तापकीर गल्ली आहेच. केबल, कनेक्टर, पॉवर सप्लाय तिथं मिळतात. जुना मदरबोर्ड हवा असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. मी आयएसए स्लॉट असलेले तीन बोर्ड तिथूनच आणलेत. घेताना प्रोसेसरभोवतीचे उभे कपॅसिटर बघा, डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी चिकट डाग असेल तर सोडून द्या. त्या काळातल्या पुष्कळ बोर्डांत ते खराब निघाले होते.

आता नेटवर्क, कारण "एक्स्पी धोक्याचा आहे" हे तुम्ही बहुधा याच अर्थानं ऐकलंय. ते खरं आहे. ८ एप्रिल २०१४ ला एक्स्पीचा सपोर्ट संपला. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा सापडलेल्या मशीनपैकी बहुसंख्य विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठीचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, लोकांनी लावला नव्हता. एक्स्पी त्या हल्ल्यात बऱ्याचदा निळा पडदा दाखवून बंदच पडायचा. पुढं ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसीचे चिप बनवणारे कारखाने त्याच जातीच्या व्हायरसनं थांबले, आणि तो आत आला होता नव्यानं बसवलेल्या एका मशीनमधून, न तपासता जोडल्यामुळे. म्हणून सीएमएमवर बोट ठेवता तसंच ऑफिसातल्या पीसींवरही ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि ते पीसी दिवसभर ईमेल उघडतात.

सीएमएमला इंटरनेट लागतच नाही, तर केबल काढा. रिपोर्ट बाहेर काढायचाय म्हणून नेटवर्क लागतं, हे नेहमीचं कारण. मग होतं असं: नव्या लॅपटॉपवरून एक्स्पीचं फोल्डर दिसत नाही, कारण एक्स्पी फाइल शेअरिंगची एसएमबी १ ही जुनी पद्धत वापरतो, आणि विंडोज १० नं ती २०१७ च्या अखेरच्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनवर बंद ठेवली. कुणीतरी व्हिडिओ बघून ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर ती चालू करतं. वॉनाक्राय याच वाटेनं शिरला होता. असं करू नका. मध्ये एक छोटा लिनक्स पीसी ठेवा, रास्पबेरी पायसुद्धा पुरतो. त्याला दोन नेटवर्क पोर्ट हवेत. एका बाजूला फक्त सीएमएम, तिथं जुनी पद्धत चालू. दुसऱ्या बाजूला ऑफिस, तिथं नवी. फाइल मधल्या पीसीवर येते आणि पलीकडून उचलली जाते, दोन नेटवर्क एकमेकांना भेटत नाहीत. हे मी सात-आठ शॉपमध्ये बसवलंय, एका दिवसाचं काम आहे. पेनड्राइव्ह वापरायचाच असेल तर शॉपचा वेगळा, रंगीत, आणि तो गेटबाहेर न्यायचा नाही. त्यावर कुणी मुलीच्या लग्नाचे फोटो आणायचे नाहीत, हे मालकांनी स्वतः सांगावं लागतं.

डॉट मॅट्रिक्स राहू द्या. चलनाच्या तीन प्रती एका दाबात निघतात, शाई थर्मलसारखी उडत नाही, आणि पान काही पैशांत पडतं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये बिल्टी अजून त्यावरच निघते आणि त्यात काहीही गैर नाही. रिबन आणि एक जादा हेड घेऊन ठेवा, पुरे.

हिशेबाचं पॅकेज मात्र बदला. इथं माझं मत मालकांच्या विरुद्ध आहे आणि ते त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल. मशीनला बांधलेला पीसी सांभाळण्यात अर्थ आहे, कारण त्याच्यामागे लाखोंचं लोखंड आहे. फॉक्सप्रोच्या मागे काहीच लोखंड नाही. मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची ९ नंबरची आवृत्ती २००४ मध्ये काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्ट पूर्ण थांबवला. तुमचं पॅकेज त्याहूनही जुनं, डॉसचं असेल, तर ६४ बिट विंडोजवर ते थेट उघडणारच नाही. नव्या पीसीवर डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममधून चालवता येतं, पण मग प्रिंटर अडतो, नेटवर्कवर दोघांनी एकदम एन्ट्री केली की इंडेक्स बिघडतो. वेगवान प्रोसेसरनंही जुने प्रोग्रॅम मोडतात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम पेंटियम दोनच्या काळात "रनटाइम एरर २००" देऊन उघडताक्षणी बंद पडायचे, कारण ते सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजायचे आणि तो आकडा त्यांच्या हिशेबात मावायचा नाही. माझ्या ओळखीच्या एका पतसंस्थेत ठेवींचा सगळा हिशेब असाच एका पीसीवर होता, आणि प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ वारले होते. सोर्स कोड कुणाकडेच नव्हता. सुदैवानं फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली साध्या असतात, एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये बहुतेकदा उघडतात. त्या आजच काढून घ्या आणि नवं आर्थिक वर्ष सुरू होताना नवं पॅकेज चालू करा. दोन महिने दोन्ही शेजारीशेजारी चालवा.

शॉपबाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या भाषेचं आहे आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. माझ्या मित्राचं नारायण पेठेत डीटीपीचं (छपाईसाठी पानं लावायचं) काम आहे. त्याच्याकडे अजून त्यासाठीचं पेजमेकर आहे, ज्याची ७ ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. त्याचा सगळा मजकूर श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये, काही जुना तशाच आयएसएममध्ये. श्रीलिपी पुण्याचीच, आयएसएम सीडॅकचं, तेही पुण्याचंच. या दोन्हींमुळे मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका संगणकावर आल्या. पण त्या फाँटमध्ये अक्षर साठवलेलं नसतं, अक्षराचा दिसणारा तुकडा साठवलेला असतो. काना वेगळा, अर्धा क वेगळा. पहिली वेलांटी आधी येते कारण ती डावीकडे दिसते, रफार नंतर येतो कारण तो उजवीकडे वर दिसतो. फाँट नसेल तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोड या आजच्या पद्धतीत बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण वेलांटी आणि रफार जागेवर नेताना ते चुकतात. मित्रानं एका लेखकाचं जुनं पुस्तक बदलून घेतलं तर 'सह्याद्रीच्या दऱ्या' सगळीकडे 'सह्याद्रीच्या दर्या' झाल्या होत्या. स्पेलचेकला त्यात चूक दिसत नाही, कारण दर्या हाही शब्दच आहे, समुद्र या अर्थाचा. तीनशे पानं डोळ्यांनी वाचावी लागली. त्याला मी सांगितलं तेच तुम्हाला सांगतो: प्रत म्हणजे नुसती फाइल नव्हे. फाइल, तिचा फाँट, ती उघडणारं सॉफ्टवेअर आणि फाँटसह केलेली पीडीएफ, हे चारही एकत्र ठेवायचं.

मालकांशी कसं बोलायचं? "हे जुनं आहे" असं म्हणू नका. त्यांनी ते वायरकट घेतलं तेव्हा कर्ज काढलं असेल, पहिला जॉब निघाला तेव्हा पेढे वाटले असतील. त्यांना विचारा, हे मशीन उद्या सकाळी सुरू झालं नाही तर किती दिवस बंद राहील आणि तेवढ्या दिवसांत कुणाचं काम अडेल? हा आकडा त्यांना तुमच्याआधी काढता येतो. मग बॅटरी, गोटेक, दोन डिस्क आणि मधला पीसी यांचा खर्च पुढं ठेवा. तो एका दिवसाच्या ब्रेकडाउनपेक्षा कमी भरेल. आणि वायरकट चालवणारे जे कुणी मामा असतील, त्यांच्याजवळ आठवडाभर वही घेऊन बसा. मशीन सुरू करताना ते कुठलं बटण आधी दाबतात, कुठल्या अलार्मला काय करतात, पावसाळ्यात कुठल्या पॅनेलमध्ये बल्ब लावून ठेवतात, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं. त्यांच्या शब्दांत लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. ते चुका दुरुस्त करतील. त्यांची निवृत्ती कधी आहे तेही विचारून घ्या.

गुरुवारी तुमच्याकडे सुट्टी असेल, त्या दिवशी बऱ्याचदा महावितरणचं शटडाउनही असतं. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी दुसरी शिफ्ट सुटण्याआधी, मशीन चालू असतानाच व्हीएमसीच्या स्क्रीनची खालची ओळ बघा. तिथं काही लुकलुकत असेल तर त्या रात्री मेन स्विच बंद करू नका, तुमचा भाग वगळता येईल का ते महावितरणला विचारा, नाहीतर जनरेटर मागवा. आधी पॅरामीटर काढा, मग बॅटरी बदला. काही अडलं तर कंट्रोलरचं मॉडेल, बॅटरीवरचा नंबर आणि पॅनेलच्या दारातल्या यादीचे फोटो मला पाठवा, सगळ्या पानांचे.